वाहुळे बाईंचा धुराळा

वाहुळे बाईंसमोर ‘रिकामं’ हा शब्द काढायची सोय नव्हती. शिपायाने येऊन “बाई, आठवीचा वर्ग रिकामा हाय” असं सांगितलं की त्या चष्म्यावरून त्याच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “रिकामा न्हाई. तिथं पोरं न्हाईत. दोन्हींत फरक हाय.” शिपाई बिचारा मान डोलवून निघून जायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी माझा डबा झटकून “झाला रिकामा” म्हणालो, तर बाईंनी तो हातात घेतला, आत डोकावल्या आणि सांगितलं, की यात अजून एवढे अणू आहेत की मोजायला बसलो तर आपण दोघं रिटायर होऊ आणि मोजणी तशीच राहील. मी मराठीचा शिक्षक. शब्दांवरचा अधिकार आपला, असा माझा तेव्हा पक्का समज होता. माझ्याच डब्याबद्दल मला कुणी शब्द शिकवावा हे काही रुचलं नाही. पण डब्याला ठेच्याचा वास येत होता, तेव्हा अगदीच रिकामा नव्हता हेही खरं.

आमची शाळा अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका खेड्यात. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरांची रांग शाळेच्या फाटकासमोरून जाते. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉल्यांच्या मागे धुराळा. तो खिडकीतून आत येतो, वह्यांवर बसतो, खडूवर बसतो, प्रार्थनेला उभ्या असलेल्या पोरांच्या भुवयांवर बसतो. आम्ही बाकीचे शिक्षक खिडक्या लावून घ्यायचो. वाहुळे बाई मुद्दाम उघडायच्या.

त्याचं कारण त्यांच्या वर्गाच्या पत्र्यात होतं. पत्र्याला रुपयाएवढं भोक होतं आणि सकाळी अकराच्या सुमाराला त्यातून उन्हाचा एक कवडसा थेट फळ्यासमोर उतरायचा. बाई त्या कवडशाशी डस्टर घेऊन उभ्या राहायच्या आणि टाळी वाजवावी तसं ते फळीवर आपटायच्या. कवडशात कण नाचायला लागले की पोरं आ वासून बघायची.

“हे आत्ता आले का?” बाई विचारायच्या.

“न्हाई बाई, तुम्ही उडवले.”

“मी थोडे उडवले. बाकीचे आधीपासून हायेतच. उजेड पडला म्हणून दिसले.” मग त्या एका पोरीला पलीकडे उभं करायच्या आणि मधे एवढा खडू झटकायच्या की तिचा चेहरा पुसट व्हायचा. “आता ही कुठं गेली? गेली का? न्हाई गेली. मधी धुराळा आडवा आला. वर बी तसंच. आभाळात काळा पट्टा दिसला की लोक म्हणतेत, तिथं तारे न्हाईत. तारे असतेत. मधल्या धुराळ्यानं झाकलेत. बिलकुल हिच्यावानी.”

अशा रीतीने बाई पोरांना दिवसा तारे दाखवायच्या. बाकीचे मास्तरही दाखवायचे, पण छडीने.

रात्रीच्या आकाशदर्शनाच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. साडेपाचच्या एसटीने त्यांना अंबडला परतायचं असे आणि ती गाडी कुठल्याही ग्रहाची वाट बघत नसे. शिवाय, त्या म्हणायच्या, रात्री सगळे ताऱ्यांकडेच बघतात; मधल्या जागेकडे कुणी बघत नाही, आणि खरी गंमत मधल्या जागेत आहे. साखरेच्या खड्याएवढ्या जागेत तिथे हायड्रोजनचा एखादा अणू. इतकं विरळ. पण जागा एवढी अफाट, की त्या एकेक अणूतून आणि कणातून सूर्य उभे राहिले. “बसल्या जागी काई होत न्हाई,” हे त्यांचं लाडकं वाक्य. “गोळा व्हावं लागतं.” हेच वाक्य त्या पालकसभेला वापरायच्या, प्रार्थनेला वापरायच्या आणि चहा आला की आम्हालाही याच वाक्याने हाक मारायच्या.

एका उन्हाळ्यात आमचे मुख्याध्यापक सानप सर यांनी मोठ्या कर्तव्यबुद्धीने पत्र्याचं ते भोक डांबराने बुजवलं. जूनमध्ये शाळा उघडली. बाई वर्गात गेल्या, वर बघितलं आणि तशाच कार्यालयात आल्या.

“सर, माझी प्रयोगशाळा बुजवली तुम्ही.”

“बाई, गळत होतं ते!”

“गळू द्या. पाणी चार महिने, ऊन आठ महिने. हिशोब तुम्हीच करा.”

सानप सर गणिताचे. हिशोब त्यांना पटला. भोक पुन्हा मोकळं झालं आणि पावसाळ्यात त्याच्याखाली बादली आली. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी बादलीचं कारण विचारलं तेव्हा सानप सरांनी “विज्ञान साहित्य” असं उत्तर दिलं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

बाई दिसायला लहानखुऱ्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःचं डस्टर. केसांतलं पांढरं कुठलं वयाचं आणि कुठलं खडूचं हे ओळखू यायचं नाही. मूळच्या केदारखेड्याकडच्या. घर आजोबांपासून बौद्ध. घरात शिकण्याचा आग्रह मोठा आणि जमीन नावालाही नाही. आई दुसऱ्यांच्या खळ्यावर उपणायला जायची. तिवईवर उभं राहून वाऱ्याला सूप धरायचं; दाणा खाली, भुसकट लांब, आणि सगळ्यांत बारीक ते आईच्या अंगावर. “माझ्या आईला वारा न बघता कळायचा,” बाई सांगायच्या. “आन् धुराळ्याचे तर तिला परकार ठाऊक होते. आपल्याला एकच दिसतो.” हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. त्याची शिक्षा पुढे मिळाली.

गावात बाईंना मान होता, पण तो त्यांनी भांडून मिळवलेला. एकदा गावातले एक आबा, मोठे बागायतदार, काठी टेकत शाळेत आले. नात घरी जाऊन म्हणाली होती की आपण सगळे धुराळ्यातून आलो.

“बाई,” आबा व्हरांड्यातूनच गरजले, “आमचं घराणं सात पिढ्यांचं. माझ्या नातीला धुराळ्यातून आल्ती म्हणून सांगता?”

आम्ही सगळे स्टाफरूमच्या दाराशी जमलो. बाईंनी आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

“आबा, सात पिढ्यांच्या आधी?”

“आधी बी आमचेच.”

“त्याच्या आधी? सूर्य नव्हता तवा?”

आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“तवा सगळा धुराळा होता,” बाई म्हणाल्या. “तुमचं घराणं बी त्याच्यातलंच, माझं बी त्याच्यातलंच. फरक एवढाच की सातबारा तुमच्याकडं आला.”

मला वाटलं, आता काठी उचलतात. आबांनी दोन्ही हात काठीवर ठेवले, बाईंकडे टक लावून पाहिलं आणि खो खो हसायला लागले. “मंग आता वाटणी मागता का काय?” ते म्हणाले, आणि चहा घेऊनच गेले. ती नात पुढे विज्ञान शाखेला गेली. आबा तिला सोडायला स्वतः गेल्ते, असं बाई फार खुशीत सांगायच्या.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

बाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. खेड्यांतल्या शाळांसाठी विज्ञानाची एक पूरक पुस्तिका निघणार होती आणि शिक्षकांकडून प्रकरणं मागवली होती. बाईंनी आख्खी दिवाळीची सुट्टी बसून एक प्रकरण लिहिलं. ताऱ्यांच्या मधल्या जागेवर. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर, सुवाच्य, खाडाखोड न करता. एवढ्या वर्षांत त्यांच्या नावाचं काहीही कुठे छापून आलं नव्हतं. शिकवणं हवेत जातं, छापलेलं राहतं, असं त्या म्हणाल्या आणि ते कागद शुद्धलेखनासाठी माझ्या हातात दिले.

मी लाल पेन घेतलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, इथवर ठीक. मग मला ठिकठिकाणी ‘धुराळा’ दिसला, ‘फुफाटा’ दिसला, आणि माझ्यातला मराठीचा शिक्षक दुखावला. आगीतून उठून फुफाट्यात पडतात, हे म्हणीत ठीक आहे, आकाशात फुफाटा? मी जिथे धुराळा होता तिथे ‘धूलिकण’ केलं. फुफाट्याचं ‘धूलिकण’ केलं. धुळीचं ‘धूलिकण’ केलं. एका जागी माती होती, तिलाही सोडलं नाही. काम संपल्यावर मला फार समाधान वाटलं. सानप सरांनी मुदत जवळ आली म्हणून ते कागद तसेच, माझ्या लाल शाईसकट, पुस्तिकेच्या समितीकडे पाठवून दिले. बाईंना एक झेरॉक्स मिळाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“सर, मोठ्यानं वाचा. इथून.”

मी वाचायला लागलो. “ताऱ्यांच्या मध्ये धूलिकण असतात. धूलिकण बसले की धूलिकण होतात. धूलिकण तापले की धूलिकण होतात. सगळे धूलिकण गोळा होऊन निवले की धूलिकण होतात.”

स्टाफरूममध्ये हशा पिकला. सानप सरांना ठसका लागला. बाईही हसल्या, पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

“आता माझं ऐका,” त्या म्हणाल्या. “धुराळा म्हंजी उडालेला. तो ताऱ्यांच्या मधी. तो बसला की धूळ. नव्या ताऱ्याभोवती चकतीवानी बसती ना, ती धूळ. तिच्यातली ताऱ्याजवळची तापती, तो फुफाटा. अनवाणी चालल्याबिगर फुफाटा कळत न्हाई सर, तुम्ही चपलेत वाढलात. आन् सगळं गोळा होऊन निवलं की माती. ती आपल्या पायाखाली हाय. चार शब्द हायेत. चारी माझ्या आईचे. तुम्ही चारी मारले आन् पाचवाच बसवला.”

मी व्याकरणात एम.ए. झालेलो. चार वस्तूंना चार नावं असलेली भाषा समोर होती आणि मी तिला शुद्ध करायला निघालो होतो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात दुसऱ्यांदा वाटली. पहिली वेळ मॅट्रिकची होती, ती इथे सांगण्याची नाही.

आठ दिवसांनी जालन्याला समितीची बैठक होती. बाई आपले शब्द परत आणायला निघाल्या आणि मी त्यांच्याबरोबर गेलो, गुन्हेगाराने जावं तसा. तिथे एक तज्ज्ञ गृहस्थ होते. वाईट माणूस नव्हता. आम्हाला आधी चहा पाजला. प्रकरण उत्तम आहे म्हणाले. पण शब्दांचं नाव निघताच त्यांनी फाइल उघडली आणि माझी लाल शाई माझ्यापुढे धरली.

“तुमच्याच शाळेच्या मराठीच्या सरांनी दुरुस्त केलंय. चांगलं केलंय. हा हात कुणाचा?”

“माझा,” मी म्हणालो. “मी चुकलो. हे चार शब्द चार निरनिराळ्या गोष्टींचे आहेत.”

“असतील. पण परिभाषा प्रमाण हवी. पुस्तिका सगळीकडे जाणार.” मग बाईंचा चेहरा बघून ते नरमले. “असं करू. धूलिकण ठेवू आणि बाईंचे शब्द कंसात देऊ. म्हणजे दोन्ही राहतील.”

मला ही तडजोड बरी वाटली. बाईंचं नाव छापून येणार होतं, शब्दही येणार होते. मी बाईंकडे आशेने पाहिलं.

“साहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या, “पोरं वर्गात मोठ्यानं वाचतेत तवा कंसातल्याचं काय करतेत?”

“काय करतात?”

“गाळतेत. आम्हीच सांगतो, कंसातलं वाचू नका म्हणून.” त्यांनी हात पुढे केला. “माझे कागद द्या. पुस्तिका तुमची चांगलीच होईल. ह्याच्याबिगर होऊ द्या.”

त्यांनी कागद घडी करून पिशवीत, डस्टरशेजारी ठेवले. गृहस्थ खरंच हळहळले.

परतताना अंतरवाली सराटीच्या चौकात चहाला थांबलो. बाकावर बसून बाईंनी कप हातात घेतला. मग म्हणाल्या, “नाव छापून येणार म्हणून मी पुण्याला लेकीला फोन केल्ता, सर. तिनं तिच्या ऑफिसात सांगितलं. आता परत फोन करायचा.” मी कुठे बघावं ते मला कळेना. माझ्या एका लाल पेनाने या बाईचं एवढ्या वर्षांचं मागणं पुसलं होतं, आणि ती मला एका शब्दाने बोलत नव्हती.

समोर एका घराच्या भिंतीवर बियाण्याची भली मोठी जाहिरात रंगवलेली होती. बाई ती वाचत होत्या. वाचता वाचता त्यांनी कप खाली ठेवला.

“सर, भिंतीवर कुणी कंस करतं का?”

“नाही.”

“मंग चला,” त्या म्हणाल्या. “जल्दी चला.”

शाळेच्या भिंतीवर सुविचार, पाढे, नकाशे रंगवायची पद्धत आहे; त्याला आम्ही बोलकी भिंत म्हणतो. आमच्या बोलक्या भिंतीची रस्त्याकडची बाजू कधीचीच मुकी झाली होती. सानप सर म्हणाले, “रंगवा बाई, पण ट्रॅक्टर आठ दिवसांत अक्षरं झाकतील.” बाई म्हणाल्या, “झाकू द्या. पुसायला पोरं हायेत.” लेकीला त्यांनी फोन केला आणि सांगितलं, की छापून नाही, रंगवून येणार आहे, आणि अक्षर हातभर.

सेवेचा शेवटचा आठवडा त्यांनी त्या भिंतीशी काढला. मी सुतळीला नीळ लावून रेघा मारून दिल्या, तेवढंच प्रायश्चित्त. बाई स्टुलावर उभ्या राहून अक्षर काढायच्या. ओल्या रंगावर धुराळा बसायचा आणि अक्षरं खरखरीत व्हायची. मी पुसायला गेलो की म्हणायच्या, “ऱ्हाऊ द्या, नमुना हाय तो.”

शेवटच्या दिवशी ‘धूळ’वर त्यांचा हात थांबला. “सर, धूळचा धू पहिला का दुसरा?”

“दुसरा. दीर्घ.”

“आन् धुराळ्याचा?”

“पहिला. ऱ्हस्व.”

“म्हंजी बसून ऱ्हायली की लांब होती, उडाली की आखूड.” त्या स्टुलावरूनच माझ्याकडे वळल्या. “सर, तुमच्या व्याकरणाला बी ठाऊक हाय की मंग हे!”

इतक्या वर्षांत मला हे कधी सुचलं नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमाराला शेवटची ओळ उतरली होती आणि बाई ती पुन्हा गिरवत होत्या. उसाचा एक ट्रॅक्टर येऊन भिंतीसमोर थांबला. चालवणारा चाळिशीचा गडी, डोक्याला रुमाल, चेहरा भुवयांपर्यंत मळलेला. इंजिन चालू ठेवून तो एकेक अक्षर जुळवत वाचायला लागला. बाईंनी वळून पाहिलं नाही. ब्रश मात्र थांबला.

“बाई,” तो ओरडला, “वर बी धुराळा हाय?”

“हाय की!”

“मंग तिकडून कोण गेलं म्हणायचं? धुराळा उगं उडत न्हाई.”

बाई आता वळल्या. ब्रशमधून निळा रंग त्यांच्या साडीवर ठिबकत होता.

“आधीचे तारे,” त्या म्हणाल्या. “गेले ते. जाताना उडवून गेले.”

गड्याने मान हलवली. त्याने आपल्यामागच्या दोन भरल्या ट्रॉल्यांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे. मागे रांग वाढली होती. हॉर्न वाजायला लागले. कुणीतरी शिवी दिली आणि विचारलं, काय झालं रे, बंद पडला का?

“थांबा की जरा!” तो सीटवर उभा राहून मागे ओरडला. “वाचून राह्यलो मी!”

आणि मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून त्याने पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. दोन ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे धुराळा असतो. धुराळा बसला की धूळ. धूळ तापली की फुफाटा. सगळं गोळा होऊन निवलं की माती. त्या मातीचे आपण. अडखळत, मोठ्या आवाजात, एकही शब्द न गाळता त्याने ते वाचून काढलं. बाई स्टुलावर उभ्या राहून ऐकत होत्या आणि त्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.